पोरीचा जबडा धरला

ताई, अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं. चुका पोटात घाल. फोनवर सांगायला गेले की भलतंच बोलून फोन ठेवते, म्हणून लिहिते.

सोनाळ्याहून निघालो तो दिवस तुला आठवत असेल. रुचिताचा नागपूरला दातांच्या कॉलेजात नंबर लागला आणि तिला रांधून घालायला मीही निघाले. एसटीच्या खिडकीशी लोक तोंड उघडून तिला दाढा दाखवत होते. तू ओरडलीस, "अरे, शिकू तर द्या पोरीले!" रुचिताचे बाबा एवढंच म्हणाले, "तिले एकटी पडू देऊ नको."

एका खोलीत आम्ही दोघी. ती आली की मी दारातच विचारायची, "कसा गेला पेपर? पुढंच आहे ना तू?" ती मान हलवायची.

दुसऱ्या वर्षी तिनं भाकर सोडली. नुसता वरणभात मागायची. मला राग आला. "शहराची झाली. मायची भाकर टोचते काय तुले?" एका रविवारी दुपारी ती झोपेत कराकरा दात खात होती. आपल्याकडे लेकरू दात खाऊ लागलं की जंत समजतात. मी वावडिंगाचा काढा केला. ती तो रोज प्यायची.

मग एका सकाळी तिचं तोंडच उघडेना. चमचा आत जाईना. तिच्याच कॉलेजात तिला पेशंटच्या खुर्चीवर बसवलं. मॅडमनी कानापुढे बोटं ठेवून पाहिलं. म्हणाल्या, जबड्याचा सांधा दुखावलाय, काळजीनं ही सारखे दात आवळून धरते. मग तिला विचारलं, "झोप लागते का? जगावंसं वाटतं का?"

ताई, असं कुणी लेकराला विचारतं का? पण पोरगी हुंदके देऊ लागली. आवळल्या दातांतून म्हणाली, "सकाळी उठूच नये वाटते."

पांढऱ्या कोटातली तिची मैत्रीण शेजारी उभी होती. तीही रडत म्हणाली, "काकू, माझाही जबडा वाजतो." दुसऱ्यांची दुखणी बरी करायला निघालेली ही लेकरं!

"मले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू माह्यासाठी घर सोडून आली. तुले कसं सांगू?"

म्हणजे ती माझ्याजवळच एकटी पडली होती. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

आता ती जबडा शेकते, व्यायाम करते, मनाच्या डॉक्टरांकडंही जाते. शिकणं सोडलं तरी चालेल, मी तिला सांगितलं. मी गावाला परत जाऊ का, तेही विचारलं. म्हणाली, "राह्य. फक्त दारात पेपरचं विचारू नको."

घर म्हणजे सोनाळा, असंच मी धरून होते. काल या भाड्याच्या खोलीत ती आली, बॅग भिरकावली आणि आपणहून म्हणाली, "आई, आज प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली मी."

माझ्या तोंडून "लय बरं झालं" निघून गेलं. तिनं डोळे मोठे केले, मग हसली. पूर्ण तोंड अजून उघडत नाही, पण हसली.