हळदीकुंकवाला विचारलेला हप्ता

इथे आखातात घर घेतलं तेव्हा बँकेचा माणूस आमच्याच सोफ्यावर बसून साबुदाण्याची खिचडी खाऊन गेला होता. "भाभी, तीन साल के बाद भी यही रेट. गॅरंटी!" करारातही तसंच होतं. तीन वर्षं संपली आणि हप्ता बाराशे दिरहमनी वाढला, म्हणजे जवळजवळ तीस हजार रुपये. विचारलं तर बँक म्हणाली, ती ऑफर तुम्हाला लागूच नव्हती.

नवरा लवकरच निवृत्त होणार होता. या हप्त्यात अल मजाज भागातलं हे घर विकावंच लागलं असतं. तरी तो म्हणाला, "जाऊ दे, परक्या मुलखात कशाला वाकड्यात शिरायचं?" माझं डोकं फिरलं. खिचडी खाताना बरा मुलूख परका नव्हता!

आपल्या लोकांची एक खोड आहे. संक्रांतीला वाण काय लुटलं ते सगळ्या बिल्डिंगला कळेल, पण कर्जाबद्दल कोणी चकार शब्द काढणार नाही. मीही गप्पच होते. यंदाच्या हळदीकुंकवाला मात्र शेजारणीला कुंकू लावता लावता सरळ विचारलं, "तुमचा हप्ता वाढला का हो?"

तिचा चेहरा पडला. "आमचंच काहीतरी डॉक्युमेंट मिसिंग होतं म्हणे." मागून दुसरी म्हणाली, "अय्या, आम्हालाही हेच सांगितलं!" अत्तर लावायचं राहूनच गेलं. त्याच बँकेच्या आम्ही चौघी निघालो, आणि प्रत्येकीला वाटत होतं की चूक आपलीच.

दुसऱ्या दिवशी काठपदराच्या साड्या नेसून चौघी बँकेत निघालो. लेक म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट मेक अ सीन." म्हटलं, तेच करायला चाललेय.

मॅनेजर गडबडला. "मॅडम, एक एक करके आइए ना."

"एक एक करके ही तो फसाया आपने."

मग त्याने मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाला, "आपका केस स्पेशल है. आपका पुराना रेट करवा देता हूँ, बस बाकी लोगों को मत बताइए."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. घर वाचत होतं. पण त्या बायकांच्या कपाळी मीच कुंकू लावलं होतं. मी केबिनचं दार सताड उघडलं आणि ओरडले, "या हो सगळ्या आत! जुना रेट देतायत!"

चौघींचे हप्ते खाली आले. बँकेच्या पत्रात मात्र लिहिलं होतं, 'सदिच्छा म्हणून'. कसली सदिच्छा? माझंच मला परत देऊन वर उपकार?

"आता काय राहिलं?" नवऱ्याने विचारलं.

"बँकेने चूक झाली असं लिहून द्यायचं राहिलंय."

त्याने उठून गाडीची किल्ली घेतली. "यल्ला, चल. आज मीही आत येतो."