काळ्या दोऱ्याचा दुधी

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि बोल मला. एकदा मी भर सोसायटीत असं काही शेण खाल्लंय ना, की आजही कुणी दुधी म्हटलं की मी विषय बदलते!

आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये पहिला रंगीत टीव्ही आला, तेव्हाची गोष्ट. आम्ही तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर मातीचा एक पट्टा होता. कागदोपत्री सोसायटीचा, पण मनाने माझा! तिथे मी मिरच्या लावल्या, अळू लावला आणि कुंपणावर दुधीचा वेल चढवला.

आणि सोसायटीला काय सुचावं? तिथे सिमेंट करून स्कूटरी लावायच्या! रविवारी मीटिंग ठेवली. आता स्कूटरी होत्या कुणाकडे? आमच्या ह्यांनीसुद्धा नंबर लावून ठेवला होता म्हणा, पण तेव्हा स्कूटरचा नंबर लागेपर्यंत माणसाला नातवंडं व्हायची. मी ठरवलं, जीव गेला तरी माझी माती सोडणार नाही.

कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात बिनखताच्या भाजीचं भूत शिरलं होतं. बिनखताची म्हणजे पांढऱ्या दाणेदार खताची नाही, शेणखताची. जिना चढणाऱ्या प्रत्येकाला थांबवून मी सांगायचे, "अहो, बाजारातली भाजी म्हणजे विष! आपल्या मातीतलं खा, शेणावर वाढलेलं खा." लोक माना हलवायचे आणि दोन-दोन पायऱ्या गाळून पळायचे.

शेण आणायचे मालाडच्या तबेल्यातून. बसने!

"बाई, पिशवीत काय आहे?" कंडक्टरने विचारलं.

"खत आहे."

"उतरा."

"तिकीट काढलंय मी!"

"तुम्ही काढलंय हो, म्हशीने कुठे काढलंय?"

अख्खी बस हसली. मी उतरले नाही. बाकीचे पुढच्या स्टॉपवर उतरले.

ते शेण पाण्यात कालवून, चार दिवस कुजवून मी वेलाला घालायचे. वास? येत असेल थोडा. मला तर अमृताचा वाटायचा. वरच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या, ते मला डासांमुळे वाटायचं.

शेवटी तीन दुधी धरले. लागू नये कुणाची दृष्ट म्हणून प्रत्येकाच्या देठाला काळा दोरा बांधला. आमच्याकडे पद्धत अशी, की पहिला तोडा घरात शिजवायचा नाही. एक देवाला, बाकीचे वानोळा म्हणून शेजारी वाटायचे. त्यात मीटिंग तोंडावर! एक देवळात ठेवला. एक सेक्रेटरी सामंतांना दिला. आणि सगळ्यात गुबगुबीत दुधी दिला सावंतवहिनींना, कारण त्या जिकडे हात वर करणार तिकडे अर्धी बिल्डिंग.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "कसा होता हो?"

"गोड गो बाय, साखर!" सावंतवहिनी म्हणाल्या.

सामंत म्हणाले, "अप्रतिम! असा दुधी जन्मात खाल्ला नाही." हे मात्र खरं होतं. त्यांनी तो मुलुंडला साडूकडे पाठवून दिला होता. साडूशी त्यांचं वाकडं होतं.

मी तरंगत होते. मीटिंग जिंकलीच म्हणून समजा!

शनिवारी संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या शहाबेन आल्या. हातात मोठा दुधी. "लताबेन, तुम्हाला आवडते ना? घ्या."

त्यांचा भाऊ सकाळीच वसईहून येऊन गेलेला मी खिडकीतून पाहिला होता. म्हणजे दुधी कुठला? वसईचा. आणि वाडीवाले खताच्या गोणीच्या गोणी ओततात, हे मला पक्कं ठाऊक. कसं ते विचारू नका. चिरायला घेतला तर देठाला काळा दोरा! म्हटलं, बघा, वसईवालेसुद्धा दृष्टीला भितात.

हसताय ना? हसा. मला तेव्हा नाही कळलं.

रविवारी सकाळी चण्याची डाळ घालून भाजी केली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड असं केलं, की मला वाटलं दाढ दुखतेय. मी जिभेला लावली. आई गं! कडू जहर! कारलं बरं त्यापुढे.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पुरावा मिळाला ना! भाजी डब्यात भरली आणि तशीच मीटिंगला गेले.

"जरा बोटाने चाखून बघा," म्हणत डबा फिरवला. सामंतांनी चाखली आणि चष्माच काढून ठेवला. सगळे थू थू करायला लागले.

"हे बाहेरच्या खताचं विष!" मी गरजले. "अशी भाजी ज्या मातीत उगवते ना, त्या मातीवर सिमेंट ओतून टाकलं पाहिजे!"

टाळ्या! मी कोपऱ्यात बघत म्हटलं, "कुणाचं नाव नाही घेत, पण दुधी पहिल्या मजल्यावरून आलाय."

शहाबेन ताडकन उठल्या. "आमच्याकडे कुठे पिकते? मला तर कांबळेवहिनीने दिला!"

"मला सावंतवहिनींनी दिला," कांबळेवहिनी म्हणाल्या. "ते शेणाचं पाणी आठवलं आणि घशाखाली उतरेना हो. टाकवत पण नव्हतं."

सगळे सावंतवहिनींकडे वळले.

"माझ्याकडे काय बघतास?" त्या कडाडल्या. "देठाक काळो दोरो बांधून तुम्हीच दिलास मा माका!"

काय झालं असेल माझं? माझा डबा माझ्याच हातात, आणि जमीन काही दुभंगेना.

सामंतांनी चष्मा पुन्हा चढवला. "तर मग, मागच्या मातीवर सिमेंट ओतावं. सूचक, लतावहिनी परब. अनुमोदक कोण?"

कुणाचाच हात वर जाईना. बिचाऱ्यांना माझी दया आली असावी. तेवढ्यात माझ्या मागून एक हात वर गेला. वळून बघते तर आमचे हे!

"अहो!"

"परवाच नंबर लागलाय गं स्कूटरचा," हे हळूच म्हणाले. "तुला सांगायचा धीर होत नव्हता."

महिन्याभरात सिमेंट पडलं. त्याच्यावर पहिली स्कूटर उभी राहिली ती आमची. सगळी बिल्डिंग खिडक्या उघडून बघत होती. आणि कुणाची दृष्ट लागू नये म्हणून तिच्या हँडलला काळा दोरा कुणी बांधला असेल?

मीच की!