बहात्तर मशिनं आणि रावअण्णांची वही

पुढचं सगळं खरं आहे. शपथेवर सांगतो. हवं तर बायकोला विचारा. नको, तिला नका विचारू, तिला मी जरा वेगळं सांगितलंय. पण खरं आहे. ऑफिसात मशिनं बहात्तर होती. तुमच्यापैकी कोणाला मी चौऱ्याऐंशी सांगितली असतील, तर त्या दिवशी तेही खरंच होतं.

कॉम्प्युटरच्या ऑफिसात किस्से साठतात ते गळक्या एसीखालच्या बादलीतल्या पाण्यासारखे. थेंब पडताना कोणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस कोणाचा तरी पाय लागतो आणि सगळे विचारतात, एवढं आलं कुठून? आमचं ऑफिस चेन्नईत, दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या वेलचेरीत, त्यामुळे पाण्याबद्दल आम्हाला कोणी शिकवू नये.

काम असं, की परदेशातली शास्त्रीय मासिकं आमच्याकडे येतात, आम्ही ती पानांत बसवतो आणि वेळेत परत धाडतो. सगळी मशिनं लिनक्सवर. नेटवर्क माझ्याकडे. माझ्या हाताखाली कयल नावाची मुलगी, वय सव्वीस, बोलणं कमी आणि नजर फार. आणि कागदोपत्री हाताखाली पण खरं म्हणजे डोक्यावर, रावअण्णा.

रावअण्णा तंजावरचे मराठी. मी अकरा वर्षांपूर्वी नाशिकहून इथे आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हा गृहस्थ माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तंबी, आपलें जेवण जाहलें कीं नाहीं?" मला वाटलं, ऑफिसात ऐतिहासिक नाटकाची तालीम चालू आहे. मराठी जुन्या बखरीतलं, सूर पक्का तमिळ. त्यांनी मला आपल्या डब्यातला सांबारभात दिला, आणि तिसऱ्या दिवशी शेअर ऑटोवाल्याशी भांडता येईल इतपत तमिळही शिकवलं. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्या दिवसापासून मी तंबी.

*

नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. तो पत्ता रावअण्णा द्यायचे. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, चारी कोपऱ्यांना हळद लावलेली. नवं मशीन आलं की वही उघडायची, चष्मा पुसायचा आणि बारशाला नाव ठेवावं तसा आकडा सांगायचा. मग स्वतः मशीनपुढे बसून एका बोटाने तो टाइप करायचा.

वहीत सतरा नंबर रिकामा. सव्वीस रिकामा. पस्तीस रिकामा. मी विचारलं, हे कोणासाठी राखून ठेवलेत? तर म्हणाले, "बेरीज कर." आठ! आठ म्हणजे शनी. तमिळ माणूस आठाच्या वाटेला जात नाही आणि तंजावरकरांनी साडेतीनशे वर्षांत तेवढं एक मात्र मनापासून उचललंय.

*

एकदा त्यांनी एकच पत्ता दोन मशिनांना दिला. चष्म्याचा नंबर वाढला होता, तिनाचा आठ नव्हे पण एकाचा सात झाला. एक मशीन दुसऱ्या मजल्यावर, एक तिसऱ्या. वरच्याचं नेट चालू झालं की खालच्याचं बंद. खालची मीनाक्षी चार दिवस मशीनला शिव्या देत होती, वरचा पळनी चार दिवस तिच्याच मशीनमुळे बंद पडत होता. दोघं रोज एकाच लिफ्टमधून येत होते आणि एकमेकांना "नेट बरोबर नाही हल्ली" असं सांगत होते.

चार दिवस फुकट गेले म्हणून मॅनेजर सेल्वमनी मीटिंग घेतली. म्हणाले, आता पत्ते ऑटोमॅटिक. सर्व्हर वाटेल. मी मान डोलावली. कयलनेही डोलावली. मग त्यांनी पेनचं टोपण लावत विचारलं, "मशीन स्वतःच पत्ता घेणार, तर मग राव काय करणार?"

नेटवर्कमध्ये रावअण्णांचं दुसरं कामच नव्हतं. वय छप्पन्न. सेल्वम म्हणाले, आयुध पूजेपर्यंत, म्हणजे आपल्या खंडेनवमीपर्यंत, सगळं सुरळीत चाललं तर पूजेनंतर मी त्यांच्याशी बोलतो.

म्हणजे मी माझं काम जितकं चांगलं करणार, तितक्या लवकर रावअण्णा घरी. त्या आठवड्यापासून माझी झोप गेली.

*

नवी पद्धत रावअण्णांना समजावणं माझ्याकडे आलं. म्हटलं, अण्णा, मशीन सुरू झालं की ते ओरडतं, मला पत्ता कोण देतंय? सगळ्या ऑफिसात ऐकू जातं. सर्व्हर म्हणतो, हा घे, आठ तासांसाठी.

"आठ तास?" ते म्हणाले. "आणि मग?"

"मग पुन्हा मागायचा. बहुतेक तोच मिळतो."

"बहुतेक." त्यांनी तो शब्द वहीत लिहून ठेवला. मग म्हणाले, "आणि सर्व्हरानें उत्तरच दिलें नाहीं तर?"

म्हटलं, त्याचीही सोय केली आहे. थोडं थांबून मशीन स्वतःच एक पत्ता ठरवतं, एकशे एकोणसत्तरने सुरू होणारा. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतं, हा कोणी घेतलाय का? कोणी बोललं नाही की घेतं. पण त्या पत्त्यावर फक्त आपल्याच खोलीतल्या मशिनांशी बोलता येतं. बाहेरच्या जगाशी नाही.

रावअण्णांनी वही मिटली. "म्हणजे आमचीच मंडळी," ते म्हणाले. "साडेतीनशें वर्षें आपसांत बोलतों. बाहेर गेलें कीं कोणास कळत नाहीं."

*

पहिल्या आठवड्यात प्रिंटरचा पत्ता बदलला. त्याला कायमचा पत्ता बांधून द्यायला मी विसरलो. मुद्दाम विसरलो का, असं कयलने नजरेने विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

प्रिंटरचा जुना पत्ता गेला सेल्वमच्या लॅपटॉपला. आता दोन्ही मजल्यांवरून जो कोणी प्रिंट मारेल, त्याचं मशीन जाऊन सेल्वमचं दार ठोठावणार. त्यांच्या स्क्रीनवर लाल इशारे. दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात सांगितलं की आपल्यावर हल्ला झालेला आहे, हल्लेखोर चिकाटीचा आहे, सकाळपासून एकोणीस वेळा आत घुसायचा प्रयत्न केला.

कयल उठली, दुसऱ्या मजल्यावर गेली आणि हल्लेखोराला घेऊन आली. मीनाक्षी. तिला रजेचा अर्ज छापायचा होता.

रजा मंजूर झाली, तीही न छापता.

*

मग सेल्वमना मिळाला पस्तीस.

हेच सेल्वम मीटिंगमध्ये आठावरून हसले होते. हे इंजिनियरिंग आहे, इथे शनीला प्रवेश नाही, असं म्हणाले होते. पस्तीस आला त्या आठवड्यात त्यांची गाडी खांबाला घासली, मुलाला ताप आला, आणि एका परदेशी मासिकाने बारा पानं परत पाठवली. चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, माझ्या लॅपटॉपला वेगळा पत्ता मिळू शकेल का? कारण टेक्निकल आहे.

म्हटलं, सर, ऑटोमॅटिक आहे, सर्व्हरच्या मनात असेल तो मिळतो. हे साफ खोटं होतं. मला अर्ध्या मिनिटात करता आलं असतं.

ते थोडा वेळ घुटमळले आणि रावअण्णांच्या खुर्चीकडे गेले. रावअण्णांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि एकवीस दिला. दोन आणि एक तीन, गुरूचा आकडा. सेल्वम थँक्यू म्हणाले. मला वाटलं, जमलं. संध्याकाळी त्यांचा मेल आला: राव यांच्या विषयावर पूजेनंतर ठरल्याप्रमाणे बोलू.

*

पूजेला दहा दिवस उरले असताना अर्ध्या ऑफिसचं नेट गेलं. बघतो तर काय, छत्तीस मशिनांचे पत्ते भलत्याच घराण्यातले. म्हणजे इमारतीत कुठेतरी दुसरा कोणीतरी पत्ते वाटत बसला होता. मशिनाचं असं असतं, जो आधी उत्तर देईल त्याचं ते ऐकतं. खरा कोण, तोतया कोण, विचारत नाही.

सेल्वमनी मला केबिनमध्ये घेतलं. दार लावलं. "हे रावचं काम आहे का?"

तीच शंका मलाही होती. नोकरी जाणार म्हटल्यावर माणूस काय करेल सांगता येत नाही. मी नाही म्हणालो, पण आवाज माझा मलाच खोटा वाटला.

मी आणि कयल तोतयाच्या मागावर निघालो. स्विचमधून निघालेली एकेक वायर काढायची, बघायचं, परत लावायची. रावअण्णा मागून येत होते, आम्हाला पाणी देत. प्रत्येक वायरीला मला वाटायचं, ही त्यांच्या टेबलाची निघू नये. शेवटची वायर भिंतीतून सरळ सेल्वमच्या केबिनमध्ये गेली. टेबलाखाली, पायपुसण्यावर, टी. नगरच्या बाजारातून आणलेला नवा कोरा राउटर. केबिनमध्ये वायफाय नीट येत नाही म्हणून साहेबांनी आदल्या दिवशी स्वतः लावलेला.

कयल खाली वाकली, राउटर बघितला, उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हल्लेखोर चिकाटीचा आहे."

माझा जीव भांड्यात पडला, पण थोडाच. तोतया सापडल्यावर नवी पद्धत सुरळीत झाली. पूजेपर्यंत एकही तक्रार नाही.

*

आयुध पूजा. चेन्नईत या दिवशी कामाची हत्यारं थांबतात. रिक्षा, शिलाई मशीन, बस, सगळ्यांना चंदनकुंकू. आम्हीही बहात्तर मशिनं बंद केली, धुतली नाहीत एवढंच. प्रत्येकाच्या कपाळाला चंदन, शेवंतीचं फूल, समोर चुरमुरे आणि केळं. पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरलाही बंद करून टिळा लावला. दारात कोहळा फोडला. सेल्वम हात जोडून उभे होते आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर पूजेनंतरचं बोलणं वाचत होतो.

सुट्टीनंतर सकाळी, मुहूर्त बघून, बहात्तर मशिनं एकदम सुरू केली. अकरा वाजता तीन मासिकं परदेशात पोचायची होती. बहात्तर मशिनं एका सुरात ओरडली, पत्ता कोण देतंय? कोणी उत्तर दिलं नाही. मिनिटभरात दोन्ही मजल्यांवर एकशे एकोणसत्तर. खोलीतल्या खोलीत फायली सुरळीत फिरत होत्या, बाहेर एक पान जाईना.

मी सर्व्हररूममधून बाहेर आलो आणि जाहीर केलं की चंदन ओलं होतं, सर्व्हरच्या आत गेलं, वाळेपर्यंत सुरू करता येणार नाही. कयलने मान डोलावली. सेल्वम, जे खिळा ठोकला तरी स्वतः जाऊन बघतात, ते आत आले नाहीत. घड्याळाकडे बघत म्हणाले, "मग?"

रावअण्णा उठले. वही टेबलावरच राहिली. "तंबी, तूं दुसरा मजला. मुली, तूं तिसरा. मी सांगतों तें लिहा." आणि जिन्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी आकडे सांगायला सुरुवात केली. कुठल्या टेबलावर कोण बसतं, त्याचा पत्ता काय, सगळं तोंडपाठ. मीनाक्षी एकोणीस. पळनी तेवीस. खिडकीजवळचं जुनं मशीन एकेचाळीस, त्याचा तिनाचा खटका अडकतो, जोरानें दाब. आठ एकदाही आला नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, घसा बसलेला, घाम कानांवरून वाहतोय, आणि आम्ही दोघं एका बोटाने नव्हे, दहा बोटांनी धावतोय.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी बहात्तरावं मशीन लागलं. पानं गेली.

सेल्वम जिन्यात आले. रावअण्णांना पाण्याचा ग्लास दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राव सार इरुक्कट्टुम." राहू देत त्यांना. ते बोलणं पुढे कधी झालंच नाही. रावअण्णा अजून आहेत.

आता खरं सांगून टाकतो. यातला एक भाग मी बनवला. चंदनाचा. सर्व्हरच्या आत काहीही गेलं नव्हतं. शिवाय पत्ते वाटायला मुख्य राउटरलाही बसवता आलं असतं, दोन मिनिटांचं काम, ते मला माहीत होतं आणि कयललाही. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी आलो होतो, सर्व्हरची वायर काढून ठेवायला. दोन रात्री तेवढाच विचार करत होतो. किल्ली दोनदा पडली.

त्या खोलीच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक कयलकडे, एक सेल्वमकडे.

दार उघडलं, तर वायर आधीच काढलेली होती. नीट गुंडाळून, रबरबँड लावून, सर्व्हरच्या डोक्यावर ठेवलेली.