पक्क्या घरात बाळ राहीना

मैत्रिणींनो, आज दुपारी आमचं घर सरकारी कागदावर पक्कं ठरलं. घरकुल योजनेसाठी माती-लाकडाचं माळवद उतरवून पत्रे टाकायचे, असा नियम होता. घरातली पहिली पदवीधर मी. अर्ज मीच भरला, वडिलांना मीच समजावलं.

योजनेचे साहेब तपासणीला आले तेव्हा वहिनी बारा दिवसांच्या बाळाला घेऊन गवतानं शाकारलेल्या गोठ्यात बसली होती. घरात तापल्या पत्र्याखाली ते लालबुंद होऊन रडायचं.

वडील म्हणाले, "साहेब, माळवदाखाली लय गार ऱ्हायचं. पत्र्यावर उसाचं पाचट टाकू का?"

"पाचट दिसलं की घर कच्चं," साहेब म्हणाले. शेरा मात्र त्यांनी गोठ्यात येऊन लिहिला. घरात त्यांनाही उभं राहवेना.

ते गेल्यावर वडिलांनी मला विचारलं, "माय, तू शिकलेली हायस. अर्जात उन्हाचं कुठं इचारलं होतं?"

कुठंच नाही. आणि भरताना मलाही ते खटकलं नाही. तुमच्यापैकी कुणाला खटकलं असतं?