कुंकू लावलेली डिस्क

बंडोपंतांनी आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व केला. एक, टाइप करताना खोडरबर न वापरण्याचा, आणि दुसरा मधूचा. पहिला गर्व त्यांना शोभायचा. दुसऱ्यानं काय केलं, तेच सांगायचं आहे.

बालाघाटात मॅंगनीजचा धंदा करणारी एक खासगी कंपनी होती. तिच्या हापिसात बंडोपंत टायपिस्ट. सगळे त्यांना पंतजी म्हणायचे. हापिसाची बोली हिंदी, घरची मराठी, आणि दोन्ही मिळून जी होते ती पंतांची. खंडेनवमी आली की हा माणूस सकाळीच हापिसात हजर व्हायचा. सगळे टाइपरायटर पुसायचा, तेल द्यायचा, हळदकुंकू वाहायचा, गूळखोबरं वाटायचा. हापिसातले हिंदीवाले हसायचे आणि खोबऱ्यासाठी पहिले हात पुढे करायचे. पंत म्हणायचे, ज्याच्यावर पोट चालते त्याच्यापुढे एक दिवस मान वाकवली तर काही मान मोडत नाही.

मधू हा त्यांचा एकुलता एक. बालाघाटात बी.एस्सी. झाला आणि नागपूरला जाऊन कंप्युटरचा डिप्लोमा करून आला. सत्त्याऐंशी साल ते. गावात कंप्युटर पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पंतांनी मॅनेजर बिसेनसाहेबांच्या मागे भुणभुण लावली. साहेब, तिरोडीच्या खदानीतून किती माल निघाला, किती वॅगन भरल्या, सारा हिशेब मशीन करते. माझा पोरगा करून देते. अखेर साहेबांनी मशीन घेतलं आणि मधूला ठेवून घेतलं, पण तात्पुरतं. संक्रांतीपर्यंत काम चालू झालं तर नोकरी पक्की. नाही झालं तर मशीन नागपूरला परत आणि मधू घरी.

मशीनसाठी वेगळी खोली झाली. पडदे लागले, थंड हवेचं यंत्र लागलं, आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. पंतांना तो नियम फार आवडला. देवळात जातात तसं जावं, म्हणाले.

आता मधूला प्रोग्रॅम लिहायचा होता, आणि प्रोग्रॅम लिहायला एडिटर, म्हणजे मजकूर लिहायची-खोडायची सोय, लागतो. मशीनसोबत एक आला होता, पण त्यात एका वेळी एकच ओळ हाती लागायची. वरची ओळ पाहायची तर हुकूम द्या, खालची पाहायची तर पुन्हा हुकूम द्या. मधू वैतागून गेला. त्याच्या नागपूरच्या सरांकडे चांगला एडिटर होता. पानभर मजकूर एकदम समोर दिसायचा, बाण दाबून हवं तिथं जाता यायचं. सरांनी त्याची मूळ डिस्क परत करायच्या बोलीवर दिली. डिस्क म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटातली पातळ चकती, हातात धरली तर लवलवणारी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मधूनं वडिलांना शेजारी बसवून समजावून सांगितलं. मूळ डिस्कवर काम करायचं नसतं. तिची नक्कल एका कोऱ्या डिस्कवर उतरवायची, नकलेवर काम करायचं आणि मूळ जपून ठेवायची. कोरी डिस्क आधी मशीनकडून तयार करून घेतली. शेवटी मशीननं विचारलं, हिचं नाव काय ठेवायचं?

"बाबा, काय नाव देऊ?"

"देवाचं दे."

मधू हसला आणि त्यानं इंग्रजीत टाइप केलं, बंडोपंत. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत पंतांचं नाव उमटलं. या माणसानं उभ्या जन्मात हजारो लोकांची नावं टाइप केली असतील, पण त्याचं नाव कोणी टाइप करून त्याला दाखवलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी कालिंदीबाईंना, म्हणजे बायकोला, ती गोष्ट तीनदा सांगितली. बाईंनी तिन्ही वेळा नवलानं ऐकली.

दुसऱ्या दिवशी पूजा. टाइपरायटर झाले, मग पंत चपला काढून मशीनच्या खोलीत शिरले. मशीनला फूल वाहिलं. सरांची ती डिस्क टेबलावर होती. तिच्या कागदी चिठ्ठीवर करंगळीनं कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले, आणि प्रसाद वाटायला बाहेर गेले. मधू नक्कल उतरवायला बसला.

तासाभरानं साहेब पाहायला आले, त्यांच्यामागे आम्ही पण पाहू म्हणत सारं हापिस. मधूचा चेहरा पांढराफटक. एडिटर काही चालू होईना. नक्कल घातली, कोरी. मूळ घातली, तर तीही बोलेना. साहेबांनी विचारलं, काय झालं? मधूनं मूळ डिस्क काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी पुन्हा विचारलं. मधूची नजर टेबलावर गेली, तिथं डिस्क होती आणि तिच्यावर लाल बोट होतं.

"बाबांनी कुंकू लावलं न तिले," तो म्हणाला. "आत गेलं असंन. त्याच्यानंच गेली."

पंत दारात ताट घेऊन उभे होते. साहेब वळून म्हणाले, "पंतजी, ये दफ्तर है, मंदिर नहीं." आणि निघून गेले. ताटातलं खोबरं कोणी घेतलं नाही.

झालं! करायला गेला गणपती आणि झाला मारुती. बालाघाट केवढं मोठं? चहा प्यायला जावं तर टपरीवाला म्हणे, पंतजी, आमच्या स्टोव्हले हात नका लावू. कोणी म्हणे, स्कूटरची पूजा करायची आहे, पण तुमच्या हातून नाही हं बाबा. पंत हसल्यासारखं करायचे आणि खाली मान घालून चालू पडायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत. आपल्या भोळेपणापायी पोराच्या ताटात माती कालवली, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. सरांना पत्र लिहिलं, तर सर तीन महिने बाहेरगावी. साहेब रोज विचारत, काम कुठवर आलं. मधू एका ओळीच्या एडिटरावर माथेफोड करत बसे आणि बापाशी बोलत नसे. नजर देत नसे. पंतांना वाटे, रागावला, आणि रागावणारच. त्याच्या जागी मी असतो तर बापाचं तोंड पाह्यलं नसतं.

एके दिवशी कालिंदीबाई कुंकू लावत होत्या. पंत एकदम ओरडले, उचल तो करंडा माझ्यासमोरून. बाई बावरल्या. मग पंतांनाच रडू फुटलं. एवढा साठीला आलेला माणूस, भिंतीकडे तोंड करून रडला. बाई म्हणाल्या, चूक कोणाच्या हातून होत नाही? पंत म्हणाले, होते, पण बापाच्या हातून पोराच्या बाबतीत होऊ नये. त्यांनी स्वतःच्या कपाळाचं गंधही सोडलं.

दिवाळीनंतर साहेबांनी मशीन विकणाऱ्या नागपूरच्या दुकानाला निर्वाणीचं लिहिलं. एडिटर घेऊन कोणाला तरी पाठवा, नाहीतर मशीन घेऊन जा. मग दुकानातून अलकनंदा नावाच्या इंजिनीअर बाई आल्या. गोंदियाहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं आल्या, प्रवासानं अंग आंबलेलं, तरी चहा पिऊन लगेच कामाला बसल्या. आधी आपल्या डिस्कच्या कडेला जी खाच असते, तिच्यावर एक छोटी काळी चिकटपट्टी लावली. म्हणजे म्हणे डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जात नाही. मग नक्कल केली. एडिटरनं प्रश्न विचारले. पडदा रंगीत की साधा, प्रिंटर कोणता, ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडायची. बाईंनी भराभर उत्तरं दिली, आणि पडद्यावर कोरं पान उघडलं, पानभर. मधूनं त्यावर चार ओळी लिहिल्या, बाण दाबून वर गेला, खाली आला. साहेबांनी मान डोलावली.

पंत दाराबाहेर उभे होते. खंडेनवमीपासून त्यांनी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. आज धीर करून चपला काढल्या आणि आत आले. त्यांच्या हातात रुमालात बांधलेली ती डिस्क होती. इतके दिवस त्यांनी ती आपल्या टेबलाच्या खणात ठेवली होती.

"बाई," ते म्हणाले, "याच्यातलं कुंकू निघंन काय? दुसऱ्याची वस्तू हाय. साफ करून परत द्यावं म्हणतो."

"राहू द्या न बाबा," मधू घाईनं म्हणाला. "कशाले ते आता?"

पण बाईंनी डिस्क घेतलीसुद्धा. उजेडात उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाल्या, काका, कुंकू तर वरच्या कागदालाच आहे, आत कणसुद्धा नाही. मग मशीनमध्ये घातली. लाल दिवा लागला, घरघर झाली. पडद्यावर डिस्कचं नाव आलं, आणि नावाखाली आलं की आत काहीच नाही.

नाव होतं बंडोपंत.

बाई सांगू लागल्या. डिस्क अगदी धडधाकट आहे. कोरी डिस्क हिच्यावर उतरवली गेली, बस. नक्कल करताना मूळ कोणती आणि कोरी कोणती, यांची अदलाबदल झाली. नवख्याची नेहमीची चूक. पट्टी लावली असती तर टळलं असतं. आणि मग त्यांनी सहज विचारलं, हे बंडोपंत कोण?

साहेबांनी पंतांकडे पाहिलं. पंत पडद्याकडे पाहत होते. हे नाव त्या दुसऱ्या डिस्कचं, कोरीचं. त्यांच्या डोळ्यांदेखत ठेवलेलं. ते इथं आलं म्हणजे कोरी मूळ डिस्कवर चढली. आणि ज्याला ते चढवता येतं असा एकच माणूस त्या दिवशी या खोलीत बसला होता. त्यांनी मधूकडे पाहिलं. मधू कीबोर्डकडे पाहत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी खोटं बोलताना व्हायच्या तशा. म्हणजे याले माहीत होतं. त्या दिवसापासून माहीत होतं. नजर देत नव्हता तो रागानं नाही.

पंतांना तिथं उभं राहवेना. इतके दिवस स्वतःची लाज वाटत होती, ती माणूस सवयीनं सोसतो. पोराची लाज वाटायला लागली, तेव्हा अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं झालं. आणि ती सांगावी तरी कोणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

"किसने किया ये?" साहेबांनी विचारलं. पंत थांबले. मधू उठेल, बोलेल, एवढं तरी करेल म्हणून थांबले. थंड हवेचं यंत्र घुमत राहिलं. मधू उठला नाही.

"माझंच नाव हाय न त्याच्यावर," पंत म्हणाले. "मीच बसलो होतो. मधू बाहेर गेलता. मले वाटलं, आपुणही पाहावं करून."

अलकनंदाबाईंनी एकदा पंतांकडे पाहिलं, एकदा मधूकडे, आणि डिस्क काढून पंतांच्या हातात दिली. साहेब मात्र भडकले. कुंकवाचं एक वेळ समजू शकलो असतो, पण मशीनला हात लावून वर इतके दिवस लपवलं! आणि हा बिचारा पोरगा उगाच बोलणी खात बसला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथं संन्यासी स्वतःच फासात मान घालून उभा होता.

दुपारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"एक मेमो बनाइए."

"किसके नाम, साब?"

"आपके."

दुसरा कोणी टायपिस्ट नव्हताच. पंत आपल्या टेबलाशी बसले, कागद चढवला, कार्बन लावला, आणि स्वतःचा मेमो स्वतः टाइप केला. कंप्युटरच्या खोलीत यापुढे प्रवेश नाही. पुन्हा अशी आगळीक झाल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल. खोडरबर लागलं नाही. तो कागद काढून त्यांनी लगेच दुसरा चढवला. साहेबांनी तेही सांगितलं होतं. पोराचा काही कसूर नाही, उद्यापासून त्याला पक्का करा.

संध्याकाळी हापिस रिकामं झाल्यावर मधू पक्क्या नोकरीचं सही झालेलं पत्र घ्यायला आला. टेबलाजवळ उभा राहिला.

"बाबा, त्या दिवशी..."

पंतांनी हात वर केला. झाकली मूठ झाकलीच राहू दे, असं त्यांच्या मनात आलं असेल, पण तोंडानं ते म्हणाले नाहीत. पत्र त्याच्या हातात दिलं.

"पाह्यून घे," ते म्हणाले. "नाव बरोबर हाय न?"

मधूनं पत्रावर नजर टाकली. मधुकर बंडोपंत, असं लिहिलं होतं, त्यापुढे आडनाव. त्यानं मान वर केली नाही.

"हौ," तो म्हणाला.

पंतांनी टाइपरायटरवर झाकण घातलं आणि मशीनच्या खोलीबाहेरच राहिलेल्या चपला शोधू लागले.