कारेलीबागेतून काशीला

"बाळ्या कुठे मेला? पोरगा खरंच चालला काशीला!"

ही माझी ताई. तिची ती हाक निजामपुऱ्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात. ऐकली नाही ती फक्त मी.

साताऱ्याहून मी बडोद्याला आलो होतो ते भाच्याच्या, वेदांतच्या मुंजीला. ऐन मे महिना. स्टेशनातून कारेलीबागेत पोचेपर्यंत रिक्षातल्या रिक्षात मी दोन किलो उतरलो. टकलावर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता.

मुंजीत मामाला काम एकच. शेवटी बटू छत्री-काठी घेऊन काशीला निघतो, तेव्हा दारात त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "माझी मुलगी तुला देतो, परत फीर." एवढ्या एका वाक्यासाठी मला रात्रभर रेल्वेत घुसळून आणलं होतं. आणि नेमका तेव्हा मी हॉलबाहेरच्या गाडीवर सेवउसळीची (वाटाण्याची जहाल उसळ, वर शेवेचा डोंगर) तिसरी डिश हाणत होतो. माझा दोष नाही. पहिल्याच घासाला माझे दोन्ही कान बंद झाले होते.

दारात मामा दिसेना, म्हणून वेदांत चालतच राहिला. वॉचमनने अदबीने फाटक उघडून दिलं. गाडीपाशी येऊन तो थांबला. गुळगुळीत डोकं, नवं धोतर, वर उघडी छत्री.

"मामा, अडव ना मला."

मी घास गिळून तिथल्या तिथे मुलगी कबूल केली. मुलगी नको म्हणाला. सुट्टीतला गणिताचा क्लास बंद करून दे, नाहीतर हा निघालो. आणि काशी समजून अलकापुरीच्या दिशेने चार पावलं टाकलीसुद्धा. मी आइस्क्रीम देऊ केलं, सायकल देऊ केली, शेवटी मनगटावरचं घड्याळ काढलं. आठ वर्षांचं पोर, पण व्यापाऱ्यांच्या मुलखात वाढलेलं. तसूभर हलेना.

"हा पाडी दो ने, साहेब (हो म्हणून टाका)," गाडीवाला म्हणाला. "तडका (ऊन) वाढतोय."

मी हो म्हटलं. मांडवात येऊन सगळ्या पाहुण्यांसमोर तसं जाहीरही केलं. गुरुजी म्हणाले, या वेळचा मामाचा शब्द मोडत नाहीत. ताई पंगतीत नुसती माझ्या वाटीत आमरस ओतत राहिली, मी आडवा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती स्टेशनवर सोडायला आली. लोक बडोद्याला राजवाडा बघायला येतात. मी एका लेकराची अख्खी सुट्टी सोडवून परत निघालो होतो. असा प्रवास शंभरात एखाद्याच्याच नशिबी येतो, हेही मी तिला ऐकवलं. तेवढ्यात तिच्या मागे वेदांत दिसला, पाठीवर फुगलेलं दप्तर घेऊन.

ताईने त्याचा हात माझ्या हातात दिला.

"क्लास बंद केलाय," ती म्हणाली. "पाढे सतरापर्यंत झालेत. अठरापासून तू घे."