भिंतीपलीकडची कबड्डी

समोरच्या घरात क्रिकेटचा सामना रंगलाय आणि काकू गॅलरीत ताटकळत उभ्या आहेत. त्या आत गेल्या की विकेट पडते, असा काकांचा ठाम समज. मला काकूंचा हेवा वाटला. एकेकाळी हा मान माझा होता.

आमच्या आळीचा कबड्डी संघ त्या वर्षी प्रत्येक सामना हरत होता. "तू आलास की आपण हरतो," असं माझा मित्र सुऱ्यानं जाहीर केलं. मला ते पटलंही. हरणाऱ्या संघावर जीव जडला, की नुसतं बघत राहणं सोसत नाही. आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटावं लागतं. निदान शेवटचा सामना जिंकावा म्हणून मी मैदानाच्या भिंतीबाहेर उभा राहिलो. आवाजाच्या अंदाजानं टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या विरुद्ध संघाला गेल्या, हे नंतर कळलं. एकदाच न राहवून डोकावलो, तर नेमकी आमच्याच गड्याची पकड!

सामना संपल्यावर सुऱ्या शोधत आला.

"शपथ, एकदाच डोकावलो रे," मी म्हणालो.

"वीसेक गुणांनी हरलोय, गाढवा. एवढी ताकद नाही तुझ्या डोळ्यांत." त्यानं खांद्यावर हात टाकला. "पुढच्या वर्षी आत बस. एकट्यानं ओरडायला मजा नाही येत."